भाजीची सुरी, अठरा वर्षांची लेक आणि वयाचा पुरावा

परसबाग (रेडिंग, इंग्लंड) यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही गेली तीन वर्षे रेडिंगला राहतो. माझ्या मुलीला ऑगस्टमध्ये अठरा वर्षे पूर्ण झाली आणि या महिन्याच्या अखेरीस ती लीड्सला विद्यापीठात शिकायला जाणार आहे. तिथे स्वयंपाक तिचा तिलाच करायचा असल्यामुळे गेल्या शनिवारी आम्ही दोघी एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये तिच्या बिऱ्हाडाची खरेदी करायला गेलो. कुकर, तवा आणि मिसळणाचा डबा मी घरचाच देणार होते. राहिली होती ती ताटे, दोन पातेली, चिरायची फळी आणि भाजीची एक साधी सुरी. तिचा पहिलाच स्वतंत्र संसार म्हणून पैसेही तिनेच तिच्या कार्डावरून द्यावेत, असे आमचे ठरले होते.

सेल्फ-चेकआउटच्या यंत्रापुढे तिने सुरी धरली आणि वरचा दिवा तांबडा झाला. तिथली कर्मचारी आली आणि तिने मुलीकडे वयाचा पुरावा मागितला. पासपोर्ट घरी कपाटात होता. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो दाखवला, तो चालला नाही. माझ्या पर्समध्ये मुलीचे आधार कार्ड होते. ते त्या बाईंनी उलटसुलट करून पाहिले आणि सौजन्याने परत दिले. तेव्हा मी म्हणाले, ‘ठीक आहे, सुरी मी घेते, माझे वय शेहेचाळीस आहे.’ त्यावर उत्तर मिळाले की आता ती मलाही देता येणार नाही! मागे रांग वाढत होती आणि लोक आमच्याकडे पाहत होते. मुलगी रडवेली झाली. मीही संतापले, हे प्रामाणिकपणे सांगते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी त्याच दुकानात गेले, तीच सुरी घेतली, कोणी एका शब्दाने काही विचारले नाही, आणि दहा मिनिटांनी ती गाडीत लेकीच्या हातात दिली. मग आदल्या दिवशीच्या त्या सगळ्या सोपस्काराने नेमके कोणाचे रक्षण झाले, हे मला समजलेले नाही.

माझ्या शंका अशा. सुरीसाठी वय विचारणे हा कायदा आहे की त्या दुकानाची लहर? आईला नकार देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? आणि बीआरपी कार्डे (परदेशी नागरिकांची इथल्या वास्तव्याच्या परवान्याची ओळखपत्रे) बंद झाल्यावर आपल्या मुलांनी दाखवायचे तरी काय, रोज पासपोर्ट खिशात घेऊन फिरायचे का? आमच्या रंगाकडे पाहून हे झाले असेल का, हाही विचार मनात येऊन गेला. त्याला माझ्याकडे काही आधार नाही, पण आला हे खरे.

गल्ल्यावरचा (मँचेस्टर)

ताई, मी येथे शिकतो आणि शनिवार-रविवार एका सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसतो, म्हणजे तुम्हाला नकार देणाऱ्या बाईंच्याच जागी दर आठवड्याला मी असतो. तुमचा संताप मला समजतो, कारण तो मी दर शनिवारी दोन-चार जणांकडून ऐकून घेतो. पलीकडची बाजूही ऐकावी म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सुरीचा कायदा आहे आणि तो बराच जुना आहे. १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यात १९९६ मध्ये एक कलम घालण्यात आले आणि सोळा वर्षांखालील व्यक्तीला सुरी, पाते, कुऱ्हाड वगैरे विकणे हा गुन्हा ठरला. २००७ पासून ही मर्यादा अठरावर नेण्यात आली. भाजीची सुरी आणि मारामारीची सुरी असा भेद इंग्लंडमध्ये हे कलम करत नाही. दुकानाला बचाव एकच आहे: आम्ही सर्व वाजवी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करणे. म्हणून दुकाने ‘चॅलेंज २५’ हा नियम पाळतात. मर्यादा अठराची असली तरी जो ग्राहक पंचविशीच्या आतला वाटेल त्याला विचारायचे, म्हणजे माझ्या नजरेची चूक झाली तरी ती एकोणीस-वीस-एकविसात पडते, सतरात पडत नाही. तुमच्या मुलीला विचारले गेले ते ती सतरा वर्षांची वाटली म्हणूनच असे नाही. ती चोवीसची दिसली असती तरीही विचारले असते.

लोकांना ठाऊक नसते ती गोष्ट अशी की दारू किंवा सुरी लहान मुलाला विकली गेली तर दुकानाइतकाच विकणारा माणूसही अडकतो. दारूच्या बाबतीत २००३ च्या परवाना कायद्यानुसार विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्यावर खटला होऊ शकतो किंवा त्याला जागच्या जागी नव्वद पौंडांचा दंड होऊ शकतो. सुरीच्या बाबतीत तर कैदेचीही तरतूद आहे. व्यापार-नियमन खात्याचे लोक अठरा वर्षांखालील स्वयंसेवक मुलांना मुद्दाम खरेदीला पाठवतात आणि आपण लांब उभे राहून पाहतात. ती मुले कोणत्या दिवशी येतील हे आम्हाला कळत नाही. माझी नोकरी तासाच्या हिशेबाची आहे आणि शिवाय व्हिसावर आहे. आपल्यावर गुन्ह्याची नोंद होण्यापेक्षा एखाद्या आईचे चार कडू शब्द ऐकलेले मला परवडतात.

आता तुम्हाला का नाकारले? दारूचे उदाहरण घेतले तर उलगडा होईल. अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी दुसऱ्याने दारू विकत घेणे हा परवाना कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून आम्हाला असे शिकवले जाते की एकाकडे पुरावा नसल्यामुळे विक्री थांबली आणि लगेच सोबतच्याने ‘मग मी घेतो’ म्हटले, तर ती वस्तू पहिल्यासाठीच घेतली जात आहे असे समजायचे आणि नकार कायम ठेवायचा. दुकाने तीच शिस्त सुरीलाही लावतात. तुम्ही आई होतात हे त्या बाईंना दिसत असेलही, परंतु तेच वाक्य आमच्याकडे दर शुक्रवारी रात्री कोणाचा तरी ‘मोठा भाऊ’ म्हणतो. झालेला प्रत्येक नकार आम्हाला नोंदवावा लागतो, वेळ आणि ग्राहकाचे वर्णन यांसह, आणि तपासणीच्या वेळी ती नोंदच आमच्या बाजूने बोलते.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला सुरी सहज मिळाली, कारण त्या वेळी समोर फक्त शेहेचाळीस वर्षांची एक बाई होती. या पद्धतीला भोक आहे, हे मी नाकारत नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. माझ्या शेजारच्या गल्ल्यावरची मुलगी सतरा वर्षांची आहे. वाइनची प्रत्येक बाटली विकताना तिला मोठ्या कर्मचाऱ्याची संमती घ्यावी लागते, म्हणून ती हात वर करते आणि मी मान डोलावतो. जी बाटली तिला स्वतःला विकत घेता येत नाही, ती ती दिवसभर विकते.

जुनापाहुणा (लेस्टर)

परसबागताई, ‘गल्ल्यावरचा’ यांनी कायदा नीट सांगितला आहे. मी तुमच्या कागदपत्रांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण आपल्या लोकांची खरी अडचण तिथे आहे.

२०२४ च्या अखेरीपर्यंत आपल्या मुलांच्या पाकिटात बीआरपी कार्ड असे. त्यावर छायाचित्र आणि जन्मतारीख दोन्ही असल्यामुळे बहुतेक दुकानांत काम भागत असे. ३१ डिसेंबर २०२४ ला ती कार्डे संपली आणि त्यांच्या जागी ई-व्हिसा आला. ई-व्हिसा म्हणजे संगणकातली नोंद. घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला तिचा संकेतांक देता येतो, पण सुरी विकणाऱ्याला तो दाखवून उपयोग नाही. इथल्या कायदेशीर वास्तव्याचा पुरावा हाती आहे आणि वयाचा नाही, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे.

दारूच्या परवान्याच्या सक्तीच्या अटींत असे म्हटले आहे की ओळखपत्रावर छायाचित्र, जन्मतारीख आणि होलोग्राम किंवा अतिनील प्रकाशात दिसणारी खूण असली पाहिजे. दुकाने हीच कसोटी बाकीच्या वस्तूंनाही लावतात. आपला भारतीय पासपोर्ट चालतो, परंतु मूळ प्रत हवी, फोटो नको. भारतातले लायसन्स आणि आधार कार्ड या दोहोंना गल्ल्यावरचा माणूस ओळखत नाही, आणि जे त्याला ओळखता येत नाही ते त्याने स्वीकारावे असा आग्रह धरता येत नाही.

माझा सल्ला असा की मुलीला प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, ड्रायव्हिंग लायसन्स काढून द्यावे. गाडी शिकायची नसली तरी काढावे. ऑनलाइन अर्जाला चौतीस पौंड पडतात आणि पत्त्यासह छायाचित्राचे कार्ड हाती येते. ते नको असेल तर ‘पास’ या शिक्क्याचे वयाचे ओळखपत्र मिळते. सिटिझनकार्ड हे त्यांपैकी एक. पासपोर्ट मात्र रोज बरोबर नेऊ देऊ नका. माझ्या भाच्याने तो लंडनच्या बसमध्ये गमावला आणि पुढचे काही आठवडे वकिलातीच्या खेपांत गेले.

रंगाच्या शंकेबद्दल: बावीस वर्षांत मला या देशात भेदभाव अनुभवाला आलेला नाही असे मी म्हणणार नाही, पण तुम्ही सांगता त्या प्रसंगात तो दिसत नाही. तांबडा दिवा सुरीच्या बारकोडमुळे लागतो. यंत्राला ग्राहकाचा चेहरा माहीत नसतो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट, जी कोणी विचारली नाही. सुरी विकत घेणे जितके नाजूक, त्याहून ती रस्त्याने नेणे नाजूक आहे. तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूचा अपवाद सोडला तर सार्वजनिक ठिकाणी पाते जवळ बाळगायला रास्त कारण असावे लागते. नव्या घरी स्वयंपाकाचे सामान नेणे हे रास्त कारण आहेच, पण लीड्सच्या गाडीत ती सुरी खांद्याच्या पिशवीत सुटी नसावी. वेष्टन न फोडता, पावतीसह, बॅगेच्या तळाशी पातेल्यात ठेवून द्या.

हिरवीमिरची (एडिंबरा)

वरची दोन्ही उत्तरे बरोबर असली तरी मला ती थोडी दुकानदाराच्या बाजूची वाटली, म्हणून दुसरे मत मांडते.

कायदा काय म्हणतो आणि दुकान स्वतःच्या सोयीसाठी काय करते, यांतली रेघ गल्ल्यावर पुसली जाते आणि सगळ्याला ‘कायदा आहे’ हेच उत्तर मिळते. पॅरासिटॅमॉलचे उदाहरण घ्या. सुपरमार्केटमध्ये एका पाकिटात सोळाच गोळ्या असाव्यात हा कायदा आहे. परंतु सोळा वर्षांखालच्याला ते पाकीट न विकणे हे दुकानांचे धोरण आहे. एनर्जी ड्रिंकही मोठ्या दुकानांनी २०१८ मध्ये आपणहून सोळा वर्षांखालच्या मुलांना बंद केले. नावापुरतीही दारू नसलेल्या वाइनला मला एकदा वय विचारले गेले. ही धोरणे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पॅरासिटॅमॉलच्या मर्यादेमागे अतिसेवनाने जाणाऱ्या जिवांचा विचार आहे, आणि तो रास्त आहे. पण ‘हे आमचे धोरण आहे’ असे सरळ सांगावे, म्हणजे ग्राहकाला आपल्यावर गुन्ह्याचा संशय आहे असे वाटणार नाही.

सुरीच्या बाबतीत तर तुमची हकीकत सीमेच्या अलीकडे घडली असती तर वेगळी झाली असती. स्कॉटलंडमध्ये घरगुती वापराची सुरी सोळा वर्षांच्या व्यक्तीला विकता येते. उलट दारूसाठी इंग्लंडमध्ये ‘चॅलेंज २५’ हा दुकानांनी स्वीकारलेला नियम आहे, तर इथे १ ऑक्टोबर २०११ पासून पंचविशीची ती तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. एकच देश म्हणवणाऱ्या दोन भागांत एवढा फरक आहे. मग हजारो किलोमीटरवरून आलेल्या आईने तो जन्मतः जाणावा, ही अपेक्षा चुकीचीच आहे.

आईबरोबर मूल आहे म्हणून आईलाच नकार देणे हा प्रकार मला सर्वांत खटकतो. सोळा वर्षांचा मुलगा बरोबर असताना मी घरच्या जेवणासाठी वाइन घेतली तर त्यात बेकायदा काही नाही. कायदा तर असा आहे की पाच वर्षांवरच्या मुलाने घरी आईबापांच्या देखत घोटभर घेतली तरी तो गुन्हा होत नाही, आणि इंग्लंडमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर जेवताना हॉटेलात बिअर, वाइन किंवा सायडर चालते. तरीही त्या मुलाने ट्रॉलीतून बाटली उचलून पट्ट्यावर ठेवली, एवढ्यावरून मला दोनदा अडवले गेले. आता बाटल्यांना हात लावायचा नाही, अशी मी त्याला सक्त ताकीद देऊन ठेवली आहे.

परसबागताईंना नकार देताना त्या बाईंनी तीस सेकंद जास्त घेतले असते, कारण सांगितले असते आणि मुलीला बाजूला घेऊन बोलल्या असत्या, तर हा प्रश्न येथे आलाच नसता.

मुठाकाठ (पुणे)

मी परदेशात राहत नाही, तरी हे वाचून राहवले नाही. इंग्लंडमध्ये मर्यादा अठराची आणि विचारपूस पंचविशीपर्यंत. आपल्याकडे मर्यादाच पंचविसाची आणि विचारपूस कोणाचीच नाही.

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी एकवीस, तर व्हिस्की-रम वगैरे कडक दारूसाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याखेरीज १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो: एका दिवसाचा विदेशी मद्यासाठी पाच रुपयांचा, वर्षाचा शंभराचा आणि आजन्म हजाराचा. शेजारी गोव्यात अठराव्या वर्षी चालते, म्हणजे सावंतवाडीचा एकोणीस वर्षांचा मुलगा बांद्याहून पत्रादेवीला गेला की काही मिनिटांत सज्ञान होतो. माझ्या पस्तीस वर्षांच्या आयुष्यात पुण्यातल्या वाइन शॉपच्या जाळीतून मला वयाचा पुरावा एकदाच मागितला गेला, तोही निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात. सिगारेटच्या टपरीवर ‘१८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री दंडनीय’ अशी पाटी असते आणि तिच्याखाली बाबांसाठी पाकीट न्यायला आलेला आठवीतला मुलगा उभा असतो. कायदा २००३ चा आहे.

पुराव्याचेही आपल्याकडे वेगळेच त्रांगडे आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी प्रवेशाच्या हिशेबाने तीच तारीख लिहिली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे आले तेच पुढे पेन्शनपर्यंत चालले. आधार कार्डावरची जन्मतारीख तर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वयाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरली नाही, शाळेचा दाखला धरला. त्यामुळे रेडिंगच्या त्या बाईंनी तुमचे आधार कार्ड परत दिले, यात त्यांनी नकळत आपल्या न्यायालयाचाच मान राखला.

आमच्या जाळीतून बाटली देणारा आणि तुमच्याकडे तांबडा दिवा पाहून धावत येणारी बाई या दोघांत अधिक प्रामाणिक काम कोण करते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्रास मात्र प्रामाणिकपणाचाच होतो.

परसबाग (रेडिंग)

सर्वांचे मनापासून आभार. त्या बाईंना स्वतःला दंड किंवा खटला होऊ शकतो, हे मला खरोखर माहीत नव्हते. मी त्या दिवशी त्यांना जे बोलले ते आता नकोसे वाटते. हिरवीमिरचीताईंचे म्हणणेही पटते, कारण दोन वाक्यांत कारण कळले असते तर मी बोललेच नसते.

मुलीच्या प्रोव्हिजनल लायसन्सचा अर्ज काल रात्री भरला. त्यात पासपोर्ट पाठवावा लागतो, म्हणजे तो परत येईपर्यंत तिच्याजवळ वयाचा एकही पुरावा नसेल, हे अर्ज केल्यावर लक्षात आले. आणि आता तिला सोलाणे हवे आहे. ती म्हणते, ऑनलाइन मागवते, तिथे कोण विचारणार?

गल्ल्यावरचा (मँचेस्टर)

ताई, तिथे दोनदा विचारतील. २०२२ च्या एप्रिलपासून घरपोच येणाऱ्या पात्याच्या वस्तू दाराशी वय तपासूनच द्याव्या लागतात. पार्सल शेजाऱ्याकडे किंवा पायरीवर ठेवता येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये वुल्वरहॅम्प्टनला रोनन कांडा या सोळा वर्षांच्या मुलाचा खून झाला. मारेकऱ्याने शस्त्रे आईच्या ओळखपत्राचा आधार घेऊन ऑनलाइन मागवली होती. तेव्हापासून त्याच्या कुटुंबाने ऑनलाइन विक्रीवर आणखी कडक तपासणीची मागणी लावून धरली आहे आणि सरकारने ती त्याच्याच नावाच्या कायद्याने पुरी करायचे ठरवले आहे. माझ्या प्रशिक्षणात हे प्रकरण सांगितले गेले, आणि गल्ल्यावर ‘मग मी घेते’ ऐकले की मला तेच आठवते.

सोलाणे शक्यतो तुम्ही एकट्याच जाऊन घ्या. सुट्या पात्याचे नसेल तर पुष्कळ दुकानांत त्यावर दिवाही लागत नाही, पण आमच्याकडे लागतो. लेकीला त्या वेळी गाडीत बसवून ठेवा.